कमोद ज्या दारांशी हंबरला

संपादकांचे पत्र आले की जनावरांच्या डॉक्टरचे गमतीदार अनुभव पाठवा, दिवाळीत लोकांना हसायला हवे असते. गमती माझ्याजवळ आहेत. एका टांगेवाल्याचा घोडा फक्त आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी लंगडत असे आणि दुसऱ्या दिवशी बरा होई. महाराज बाडा चौकाजवळच्या एक बाई गाईला हात लावण्याआधी मला सोवळे नेसायला लावत. रेशमी सोवळ्यात गाईचे खूर तपासणारा आमच्या या लष्कर शहरातला मी एकटाच डॉक्टर असेन. हे सगळे लिहायला बसलो आणि लेखणी दुसरीकडेच गेली. हसायला लावणारे दुसरे कोणी लिहीलच. मला एक शब्द सांगायचा आहे.

तो शब्द आहे एम्ब्रिओटॉमी.

एका सरदारांच्या खासगी गोठ्याला जोडलेला दवाखाना आहे, तिथे मी पंचवीस वर्षे नोकरी केली. यंदा पेन्शन घेतली. नव्या डॉक्टरांना चार्ज देताना जुनी रजिस्टरे काढावी लागली. त्यातल्या एकात, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या पानावर, माझ्याच सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलेले होते: ‘एम्ब्रिओटॉमी. गाय वाचली.’ नवे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, “वा! त्या काळात इथे हे ऑपरेशन होत होतं?” मी मान हलवली आणि पान उलटले. ते पान मी आयुष्यभर उलटत आलो आहे.

शब्दाचा अर्थ साधा आहे. गाय किंवा म्हैस अडली, वासरू आतच मेले, आणि पाय-मान अशी वळलेली असली की ओढून निघत नाही, तर त्या मेलेल्या वासराला आतल्या आत कापून तुकड्यांनी बाहेर काढतात. आई वाचते. शब्द मूळ ग्रीक. ‘एम्ब्रिओन’ म्हणजे जे आत फुगते, वाढते ते. ‘टोमी’ म्हणजे कापणे. विलायतेत आधी माणसांच्या बाळंतपणात तो वापरीत. सुईणीने हात टेकले की सर्जन आकडे आणि सुऱ्या घेऊन येई. मग तो आमच्या गोठ्यात आला. मुंबईच्या कॉलेजात मास्तरांनी फळ्यावर लिहून दिला तेव्हा मी तो चार वेळा वहीत घोटला होता. मला त्याचा फार अभिमान वाटला. लष्करात परत येऊन मी तो वडिलांना म्हणून दाखवला. वडील म्हणाले, “मंत्र छान आहे.”

वासरू मेले आहे हे ओळखायच्या खुणा शिकवल्या होत्या. तोंडात बोट घालावे, जिवंत असेल तर चोखते. पापणी दाबावी, हलते. खुरांच्या बेचक्यात चिमटा घ्यावा, पाय आखडतो. या खुणा पाहिल्याशिवाय सुरी घ्यायची नाही. पण खुद्द शब्दात हे काही नाही. शब्दात फक्त आत वाढणारे आहे आणि कापणे आहे. ते जिवंत की मेलेले, हे शब्द सांगत नाही. हे माझ्या ध्यानात यायला एक माणूस उद्ध्वस्त व्हावा लागला.

त्या माणसाचे नाव कमोद. गोठ्यावरचा मुख्य गवळी, मुरारपलीकडच्या एका गावचा, वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी येण्याआधी गोठ्यातली सगळी बाळंतपणे तोच करी. त्याला अक्षर वाचता येत नव्हते, पण गाईच्या कुशीवर पालथा हात ठेवून तो सांगे, “कल सुबह, डाक्साब. बछिया है.” आणि सकाळी कालवड होई. हे मला आवडत नसे. मी चार वर्षे शिकून आलो होतो.

जमना नावाची गाय होती, सरदारांच्या आईसाहेबांनी स्वतः वाढवलेली. ती अडली. सकाळी नऊच्या सुमारास मला बोलावणे आले. गोठ्यात कमोद तिच्या पाठीवरून हात फिरवीत उभा होता. शेजारी सरदारांचे कारभारी, डोक्यावर पगडी, नाकाला उपरण्याचा शेव लावलेला.

“डॉक्टर, गाय गेली तर आईसाहेब अन्न घ्यायच्या नाहीत,” कारभारी म्हणाले. “वासराचं काय ते पाहा, पण गाय हवी.”

मी बाही वर करून, कार्बोलिकचे तेल लावून हात आत घातला. एक पाय वाटेत आला होता. मान मागे, बरगडीकडे वळली होती. तोंडापर्यंत माझे बोट पोहोचेना. गाय कळ देई तेव्हा तिच्या कमरेच्या हाडात माझा दंड चिरडे. ज्याने हे काम केले नाही त्याला सांगून कळायचे नाही: तासाभराने हात आपला राहत नाही. बोटे आहेत, पण ती कुणाची तरी आहेत.

मी बेचक्यात चिमटा घेतला. पाय हलला नाही. निदान मला हललेला लागला नाही.

“मेलंय,” मी म्हणालो.

“एक बार मैं देख लूँ?” कमोदने विचारले. त्याने हात धुतला, तेल लावले आणि आत घातला. थोडा वेळ तो डोळे मिटून उभा होता. मग म्हणाला, “जिंदा है, डाक्साब. पाँव खींच रहा है.”

“तो गाय जोर लगा रही है, कमोद. त्यानं हलतो पाय.”

“गाय का जोर मैं जानता हूँ. यह उसका अपना है.”

कारभारी उपरण्याआडून हसले. “काय डॉक्टर, कॉलेज तुमचं की याचं?”

त्या एका वाक्याने मी सुरी उचलली. गाय वाचवायची होती हे खरे, आईसाहेबांची भीती होती हेही खरे. पण हात बधिर झाला आहे, अर्धा तास थांबून पुन्हा पाहतो, एवढे म्हणायला जीभ का उचलली नाही? कारण एका गवळ्यासमोर ते म्हणायचे नव्हते. आज हे लिहितानाही माझी कानशिले तापतात.

बोटात अंगठीसारखी घालायची सुरी असते. तिने खांद्यापासचे कातडे चिरून पुढचा पाय सुटा करायचा. तो निघाला की जागा होते, मग मान वळवता येते. मी चिरले. पायाला दोर लावून कमोदला म्हणालो, “ओढ.” तो ओढेना. मी ओरडलो. तेव्हा त्याने ओढला.

आणि माझ्या दंडावरून ऊन रक्त आले, थांबून थांबून, ठेक्यात. मेलेल्या शरीरातून रक्त असे येत नाही. बधिर हातालाही ते कळले. मी कमोदकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मान वळवली, वासरू बाहेर आले. तीन पायांचे. त्याने डोळे उघडले आणि एकदा, एकदाच, हाक मारली. जमना वळली आणि त्याला चाटू लागली. ती चाटत असतानाच ते गेले. तरी ती बराच वेळ चाटत होती.

अंगणात दहा-बारा माणसे उभी होती. हाक सगळ्यांनी ऐकली.

तासाभराने कारभाऱ्यांनी मला कचेरीत बोलावले. “बाहेर कुजबुज सुरू आहे. संस्थानात गोहत्या म्हणजे काय, ठाऊक आहे ना? रजिस्टरात काय लिहिलंत?”

“एम्ब्रिओटॉमी.”

“म्हणजे काय?”

मी अर्थ सांगितला, ग्रीक मुळासकट.

“त्यात वासरू हा शब्द आहे?”

“नाही.”

“जिवंत?”

“नाही.”

“मग झालं तर,” कारभारी म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा पुढे केला. “शब्द राहू द्या. कुणी विचारलं तर तोच सांगा.”

मी विडा घेतला. खाल्ला.

चौथ्या दिवशी कमोदच्या जातीच्या पंचांचा एक म्हातारा दवाखान्यात आला. त्याने बाहेरच जोडे काढले, हात जोडले. म्हणाला, “डाक्साब, कमोद कहता है बछड़ा जिंदा था, और उसने आपसे कहा था. आप बोल दो, हाँ कि ना. आपकी बात पर फैसला है.”

ही माझी वेळ होती. ‘हो, त्याने सांगितले होते, मी ऐकले नाही, सुरी माझी होती,’ एवढे म्हणायचे होते. पंच माझे काय करणार होते? मी ब्राह्मण, त्यांच्या जातीबाहेरचा, सरदारांचा नोकर. कारभारी मात्र नोकरी काढून घेऊ शकले असते. बस, एवढाच धोका होता. मी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे फिरवले आणि म्हणालो, “इसमें सब लिखा है. एम्ब्रिओटॉमी.”

म्हाताऱ्याने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. त्याला तो म्हणता आला नाही. पुन्हा हात जोडून तो गेला.

पंचांनी मग आपल्या परीने निकाल दिला. डॉक्टरने काय केले ते डॉक्टरच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक आपल्याला वाचता येत नाही. पण जिवंत वासराचा पाय कमोदने ओढला हे सर्वांनी पाहिले आहे, आणि जिवंत आहे हे माहीत असून ओढला असे तो स्वतःच म्हणतो. म्हणजे तो खरे बोलला तेच त्याला भोवले. ‘मेलेले होते’ असे म्हणून तो सुटला असता. तो म्हणाला नाही. त्याला हत्या लागली.

हत्या लागणे म्हणजे काय, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. दक्षिणेकडून नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. माणूस घराबाहेर, जातीबाहेर. गळ्यात गाईचे दावे, हातात काठी. सोरोंला गंगेत स्नान करून येईपर्यंत आणि जातीला जेवण घालीपर्यंत त्याने दारोदार भीक मागून जगायचे. आणि मागताना माणसाच्या भाषेत बोलायचे नाही. दाराशी उभे राहून गाईसारखे हंबरायचे. ज्याच्या तोंडी खरे होते त्याचे तोंडच बंद केले, आणि माझ्या तोंडी ग्रीक. हा कुठला धर्म? लष्करातल्या किती गोभक्तांनी त्या दिवसांत त्याच्या पसरलेल्या धोतरात वरून पीठ टाकले आणि मागे पाणी शिंपडले! त्यातल्या कित्येकांच्या म्हाताऱ्या गाई मी रस्त्यावर उपाशी पाहिल्या आहेत. पण मी त्यांना काय बोलू?

तो आमच्याही दाराशी आला. सकाळची वेळ होती, मी मागच्या खोलीत दाढी करीत होतो. हंबरणे ऐकू आले. कमोद सायंकाळी रानातून गाईंना बोलावी तो आवाज मी रोज ऐकत असे. वस्तरा गालावर तसाच राहिला.

ही बाहेर गेली आणि परत आली. “अहो, हत्या लागलेला कुणी आहे. बोलत नाही बिचारा. पण डोळे ओळखीचे वाटले.”

“पीठ घाल आणि दार लावून घे,” मी म्हणालो.

त्याच सुमारास मी खासगी बाजारातल्या अण्णा वैद्यांकडे गेलो होतो. मनात असे की त्यांच्या शास्त्रातून काही आधार मिळेल, म्हणजे झोप लागेल. अडलेल्या गर्भाला तुमच्यात काय म्हणतात, असे मी आडून विचारले.

“मूढगर्भ,” अण्णा म्हणाले. “मूढ म्हणजे गोंधळलेला. वाट चुकलेलं पोर, डॉक्टर. आधी हातानं वाट दाखवायची. नाहीच जमलं आणि पोर मेलेलं असलं, तर धन्याची आज्ञा घेऊन शस्त्र.”

“आणि जिवंत असलं तर?”

“जिवंताला शस्त्र नाही. का? तुमच्यात निराळं आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “आमच्यातही तेच आहे.”

कमोद चार महिन्यांनी सोरोंहून आला. जेवण घातले, जातीत घेतला गेला. गोठ्यावर मात्र कारभाऱ्यांनी त्याला परत घेतले नाही. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते ते त्या चार महिन्यांत मोडले होते. पुढे लांब, एका बिजवराला दिली. हे मला गोठ्यातल्या माणसांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. दरवेळी मी ‘अरेरे’ म्हटले.

यंदा ते रजिस्टर पुन्हा दिसल्यावर मात्र मला घरी बसवेना. कारभारी वारले, आईसाहेब वारल्या, धोका काही उरला नव्हता. धोका संपल्यावर सुचलेल्या खरेपणाची किंमत मला ठाऊक आहे. नव्या डॉक्टरांना सगळे सांगितले आणि ते रजिस्टर एका दिवसासाठी मागून घेऊन कमोदच्या गावी गेलो.

तो अंगणात खाटेवर बसून दावे वळीत होता. आता पुरा म्हातारा. मला पाहून उठला, खाट झटकली, म्हणाला, “बैठिए, डाक्साब. गाय बीमार है किसी की?”

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. रजिस्टर उघडून तो शब्द दाखवला. तो वाकून बघू लागला.

“यही है वह?” त्याने विचारले. “इसमें लिखा है कि जिंदा था?”

“नहीं.”

“कि मरा था?”

“तेही नाही, कमोद. नहीं लिखा.”

“तो फिर इसमें लिखा क्या है?”

“काटा,” मी म्हणालो.

तो हसला, म्हणजे दात दिसले. “बस? इत्ती-सी बात के लिए इत्ता बड़ा शब्द?” आणि पुन्हा दावे वळू लागला.

मी म्हणालो, पंचांना बोलाव, त्यांच्यासमोर सांगतो.

“पंच सब मर गए. जो हैं, वो लड़के हैं. उनको क्या?” हातातला पीळ त्याने नीट बसवला. “मेरी लड़की का ब्याह पंचों से नहीं जुड़ेगा अब. कहना ही है तो वहाँ कह आइए जहाँ मैं रँभाया था. वो लोग समझे होंगे, मैंने मारा.”

त्याला दारे आठवत होती. त्याने सांगितली आणि मी लिहून घेतली.

गेला महिनाभर मी ती दारे फिरलो. टोपी बाजारातल्या एका दुकानदाराने ऐकून घेतले आणि विचारले, “कौन-सा बछड़ा, डाक्साब? तबीयत तो ठीक है आपकी?” एका घरी मुलाने सांगितले, आजोबा आता नाहीत. खासगी बाजारातल्या एका जोशीबाईंना आठवले. त्या म्हणाल्या, “मी त्याच्या मागे पाणी टाकलं होतं हो,” आणि मग दाराशी उभ्या राहून माझ्याकडे असे पाहिले की तसे त्यांनी त्याच्याकडेही पाहिले नसेल. मला बरे वाटले असे लिहिणार होतो. वाटले नाही. पण तसेच पाहायला हवे होते.

यादीत आमचे दार शेवटचे होते. हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. ही म्हणाली, “मी पीठ वरून टाकलं होतं. थोडं सांडलं. त्यानं ते जमिनीवरून गोळा करून घेतलं होतं.” एवढे म्हणून ती कढीला फोडणी द्यायला वळली.

रजिस्टर परत करण्याआधी नव्या डॉक्टरांसमोर मी त्या इंग्रजी शब्दाखाली मराठीत झाले तसे लिहून सही केली आहे. पण काही दारे कमोदला आठवली नाहीत. तो म्हणाला, लष्करात मराठ्यांची, दक्षिण्यांची घरे पुष्कळ होती, सगळी एकसारखी. आतून बाया यायच्या, पीठ टाकायच्या, दार लावायच्या. ती दारे मी कशी शोधू? इथल्या ज्या मराठी घरांत हा दिवाळी अंक जातो ती बहुतेक तीच घरे आहेत, म्हणून संपादकांची क्षमा मागून गमती बाजूला ठेवल्या.

तुमच्या दाराशी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गळ्यात दावे घातलेला एक उंच गवळी हंबरून गेला असेल, तर घरात जे कोणी वडीलधारे असतील त्यांना हे वाचून दाखवा. वासरू जिवंत होते. त्याने मला सांगितले होते. कापले मी.